कुपवाड एमआयडीसीत नवी बॅच

आज नव्या पोरांचा पहिला दिवस. बहुतेक आयटीआयवाली, दोघं-तिघं बारावी करून थेट आलेली. व्हर्नियरवर (बारीक मापं घ्यायची सरकती मोजपट्टी) मिलिमीटर सगळ्यांनी बरोबर वाचले, पुढचे ०.०२ मिलिमीटरचे बारीक भाग आले की गाडी अडली. आयटीआयवाल्यांचीसुद्धा! (पेपरात लिहिलेलं असतं, हातात फारसं धरलेलं नसतं.)

खरा वाद ड्रिल मशीनपाशी. "सर, सेफ्टी म्हणजे हातमोजे ना?" इथं नाही बाबा. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की हातच ओढला जातो. चिप्सही (धातूचा कीस) ब्रशनंच काढायच्या. कडी, अंगठ्या उतरवल्या. एकजण मात्र मनगटातला दोरा सोडेना. जोतिबाचा आहे म्हणे. म्हटलं, खिशात ठेव, देव तिथंही असतो. हसला, पण काढला.

उद्या मायक्रोमीटर, व्हर्नियरहून बारीक मोजणारं साधन. सकाळी सातची शिफ्ट ऐकून मात्र सगळ्यांचे चेहरे पडले.