भिंतीपलीकडचं कन्नड

बेळगावात वडगावातल्या आमच्या जुन्या घराची नि शेजारच्या अक्कांच्या घराची मधली भिंत एकच. विटामातीची, हातभर जाड. माजघरात ती थेट कौलांना भिडलेली. स्वयंपाकघरात मात्र बांधणाऱ्याचा हात आखडला असावा. वर वीतभर फट राहिली होती. त्या फटीमुळे मला कन्नड आलं.

माजघरात पलीकडचं बोलणं नुसतं घुमत यायचं. अक्का चिडल्यात की हसतायत एवढं कळे. पण लेकाशी कन्नड बोलतायत की भाजीवालीशी मराठी, हे काही केल्या उमगत नसे. जाड भिंत खर्जातला आवाज थोडाफार जाऊ देते, बारीक आवाज अडवते. आणि शब्द ओळखू येतो तो त्या स, च, ट, क अशा बारीक आवाजांवर. ते गळाले की उरते नुसती चाल. आमच्याकडच्या मराठीची नि कन्नडची चाल तर एकच! (हे दोन्हीकडच्यांना रुचणार नाही. असू दे की.)

स्वयंपाकघरात सगळं फटीवरून अख्खं उतरायचं. फोडणीच्या वासाबरोबर "ऊट आतेन?" यायचं, मग "उप्पु", मग "साकु". जेवण झालं काय, मीठ, पुरे. माझी सुरुवातीची कन्नड सगळी ताटाभोवतीची.

अक्कांच्या पडवीत माग होते. रात्री वाकळेवर आडवं झालं की त्यांची खटखट फरशीतून पाठीला लागायची. अक्कांचा चढा आवाज जिथं अडायचा, तिथून ही कशी यायची? अक्कांचा आवाज हवेतून येऊन भिंतीवर आपटायचा आणि बहुतेक सगळा मागं फिरायचा. माग जमिनीतच रोवलेले. त्यांचा दणका उपजतच दगडामातीत, त्याला कुठली भिंत ओलांडायची नव्हती.

वेगही न्यारा. वीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला 343 मीटर धावतो, पाण्यात सुमारे 1480, पोलादात 5000 च्या पुढं. ‘पदार्थ दाट म्हणून आवाज जलद’ असं शाळेत घोकलं होतं, ते खोटं. शिसं पोलादापेक्षा जड, तरी त्यात आवाज पोलादातल्या निम्म्या वेगानंही जात नाही. दाबलं तर सहजी न दबणारा ताठा लागतो, नुसतं वजन कामाचं नाही.

पडवीतून माजघरात हा फरक कानाला कळणं शक्य नव्हतं, अंतरच तेवढं नाही. 1808 च्या सुमारास पॅरिसमध्ये बियो या शास्त्रज्ञानं पाण्याच्या ओतीव लोखंडी नळांवर तो ऐकला. साडेनऊशे मीटरची रांग, एका टोकाला ठोका मारला की दुसऱ्या टोकाला दोनदा ऐकू यायचा: आधी लोखंडातून, अडीच सेकंदांनी नळातल्या हवेतून. एकाच ठोक्याच्या दोन खबरा. आमच्या गल्लीत हे रोजचंच, तिथं लोखंडही लागत नाही.

आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. भिंती स्लॅबला घट्ट भिडलेल्या, फट नावाला नाही. तिसऱ्या मजल्यावर ड्रिल लागलं की पहिल्या मजल्यावर माझे दात शिवशिवतात. बाजूला नवं बिऱ्हाड येऊन चार महिने झाले. काहीतरी बोलत असतात. मराठी की कन्नड, अजून पत्ता नाही.