वहीत सापडलेलं माझं वाक्य

तीन आठवडे झाले, ती तक्रार अजून बंद झालेली नाही आणि माझ्या डोक्यातूनही जात नाहीये, म्हणून एकदाचं लिहून काढते.

मी एका रिकव्हरी एजन्सीत आहे. बँका त्यांची थकलेली कर्जं वसुलीला आमच्याकडे देतात. आधी चार वर्षं टेलिकॉलर होते, मग नवीन मुलामुलींना ट्रेनिंग द्यायचे, आणि आता दीड वर्ष तक्रारींचं टेबल सांभाळते. कुणी बँकेकडे तक्रार केली की तुमचा एजंट असं असं बोलला, तर बँक ती आम्हाला पाठवते आणि मी त्या नंबरवर गेलेले सगळे कॉल काढून हेडफोन लावून ऐकत बसते. बहुतेक तक्रारी दोन ओळींच्या असतात, दिवसभर फोन येतात, फार घाण बोलतात, बस. तारीख नाही, वेळ नाही, कुठल्या नंबरवरून आला ते नाही. लोक वैतागून नंबर ब्लॉक करतात, मेसेज डिलीट करतात आणि मग हातात काहीच उरत नाही. त्रास खरा असतो हे मला पक्कं माहीत असतं, पण नुसत्या "घाण बोलतात" वरून मी शेकडो कॉलमधून काय शोधणार? शेवटी "पुरावा आढळला नाही" असा शेरा मारून फाईल परत जाते.

ही तक्रार अकरा पानांची होती. वहीच्या पानांचे स्कॅन. पट्टीने आखलेले पाच रकाने: तारीख, वेळ, नंबर, बोलणाऱ्याचं नाव, काय बोलला. नाव सांगितलं नसेल तिथे "विचारलं, सांगितलं नाही" असं लिहिलेलं. बहुतेक ओळी निळ्या पेनाने, मध्येच काही लाल. लाल का ते आधी मला कळेना. मग वेळेचा रकाना नीट बघितला तर सगळ्या लाल ओळी सकाळी आठच्या आधीच्या नाहीतर संध्याकाळी सातच्या नंतरच्या.

म्हणजे तक्रार करणाऱ्या बाईंना नियम माहीत होता. रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 ला परिपत्रक काढून स्पष्ट सांगितलंय की थकीत कर्जासाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघात अपमान करायचा नाही, घरच्यांना, मित्रांना, कर्जाच्या अर्जात रेफरन्स म्हणून ज्यांचं नाव-नंबर दिलेलं असतं त्या माणसांना त्रास द्यायचा नाही, खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती सांगायची नाही. हे आम्ही ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवतो. 2008 च्या परिपत्रकापासून एजंटसाठी ठरावीक तासांचं ट्रेनिंग आहे, परीक्षा आहे, घरी गेलं तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र सोबत पाहिजे. आमच्याकडे बसलेल्या प्रत्येकाला हे पाठ असतं. समोरच्याला नसतं, आणि खरं सांगायचं तर आमचं अर्धं काम त्याला ते माहीत नसण्यावरच चालतं.

केस साधी होती. तिच्या भावाने पर्सनल लोन घेतलं, नोकरी गेली, हप्ते थकले, त्याने फोन उचलणं बंद केलं. अर्जात रेफरन्स म्हणून बहिणीचा नंबर होता, मग सगळे फोन तिच्याकडे वळले. वहीत त्रेचाळीस नोंदी होत्या. मी एकेक नोंद रेकॉर्डिंगशी जुळवत गेले आणि छत्तीस नोंदी मिनिटाला मिनिट जुळल्या. शब्दसुद्धा जुळले. दीड वर्षात मी असं काही बघितलं नव्हतं.

उरलेल्या सात म्हणजे सगळ्या लाल. त्यांचं रेकॉर्डिंगच नाही. आमचा डायलर, म्हणजे फोन लावणारी सिस्टीम, सातला आपोआप बंद होतो, त्यामुळे बँकेला पाठवायच्या रिपोर्टमध्ये सातनंतर एकही कॉल दिसत नाही आणि आमचे सर तो रिपोर्ट अभिमानाने दाखवतात. पण महिन्याचे शेवटचे चार दिवस आले, केस नव्वद दिवसांच्या पुढे जाऊन एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात बुडीतकडे गेलेलं कर्ज, व्हायला आली, की मुलं जिन्यात जाऊन स्वतःच्या सिमवरून फोन लावतात. त्याचं रेकॉर्डिंग नाही, नोंद नाही, काही नाही. वहीतला नंबर मी आमच्याच स्टाफ लिस्टमध्ये शोधला आणि सापडला. त्या मुलाला बोलावलं तर मान खाली घालून म्हणाला मॅडम, टार्गेटला दोनच केस कमी होत्या. त्याचं चुकलंच, पण पगार चौदा हजार आणि बाकी सगळं इन्सेंटिव्हवर, हे गणित त्याने मांडलेलं नाही. ज्यांनी मांडलंय त्यांना माझ्या टेबलपर्यंत कधी यावं लागत नाही.

इथपर्यंत सगळं माझ्या सवयीचं होतं. मग मी सातव्या पानावर आले. निळी ओळ, दुपारी सव्वातीन, नाव सांगितलेलं, मीच ट्रेनिंग दिलेली मुलगी. रेकॉर्डिंग लावलं. एकदम मऊ आवाज, कुठे आवाज चढवलेला नाही. "ताई, रेफरन्सला तुमचं नाव आहे ना, म्हणजे भावाने तुमच्या भरवशावरच कर्ज घेतलंय. मग जबाबदारी तुमचीही येतेच की." वहीत शब्दन् शब्द तसाच. आणि खालच्या ओळीत, दुसऱ्या दिवसाच्या तारखेला, फक्त एवढंच: "7,400 भरले." पुढच्या महिन्यात परत "7,400 भरले."

ते वाक्य माझं आहे. मी टेलिकॉलर असताना मला सुचलेलं, पुढे ट्रेनिंगमध्ये बोर्डावर लिहून दिलेलं, हेलकाव्यासकट, "येतेच की" म्हणताना आवाज खाली आणायचा हेसुद्धा मीच शिकवलेलं. त्या वाक्याने किती जणांनी पैसे भरले असतील मला मोजता येणार नाही, आणि तेच मला झोपू देत नाही. कारण ते खोटं आहे. गॅरेंटर वेगळा, तो करारावर सही करतो आणि कायद्याने कर्जदाराइतकाच बांधील असतो. रेफरन्स म्हणजे नुसतं ओळखीच्या माणसाचं नाव आणि नंबर, त्याची कुठे सही नसते, त्याच्यावर एक रुपयाचं देणं नसतं. मला हे तेव्हाही माहीत होतं. शिवी नाही, धमकी नाही, म्हणजे सगळं नियमात आहे असं मी स्वतःला सांगत आले. कॉल तपासायच्या आमच्या शीटवर आवाज चढवला का, अपशब्द वापरला का, धमकी दिली का असे रकाने आहेत, खोटं सांगितलं का हा रकानाच नाही. त्या कॉलला शंभरपैकी शहाण्णव मार्क होते. ते मीच दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार करणाऱ्या त्या बहिणीला फोन केला. नाव सांगितलं, कॉल रेकॉर्ड होतोय हे सांगितलं. ती चिडलेली नव्हती, एकेक प्रश्न विचारत होती आणि मी उत्तर दिलं की मध्ये पाच-सात सेकंद शांतता, मागे पेनाचा आवाज. भावाला जेल होईल म्हणाले, खरं का? मी सांगितलं, पैसे नसल्यामुळे हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे, फोनवरून कुणी कुणाला अटक करवू शकत नाही. पण चेक किंवा खात्यातून आपोआप कटणारा हप्ता बाऊन्स झाला तर त्यावरून फौजदारी केस होऊ शकते, म्हणून त्याबद्दल नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका, पैसे भरायला पंधरा दिवसांची मुदत असते, वकिलाला दाखवा. हे मी मुद्दाम सांगितलं कारण "काहीच होत नाही, फोन उचलू नका" असे व्हिडिओ बघून लोक गप्प बसतात आणि नंतर जास्त अडकतात. भावाला म्हणावं स्वतः बँकेला मेल कर, नोकरी गेल्याचं कळव, हप्ता कमी करून माग. आणि त्याने स्वतःच्या नावाने तक्रार केली तर तिचा निकाल लागेपर्यंत बँकेने केस एजन्सीकडे द्यायची नसते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही, हेही सांगायला गेले तर ती म्हणाली माहितीये. तक्रारीच्या अर्जात तिने तिसावा दिवस कुठल्या तारखेला येतो तेही लिहिलं होतं, मी नंतर बघितलं.

मग तिने विचारलं, मी भरलेले चौदा हजार आठशे परत मिळतील? मी म्हटलं ते भावाच्या कर्जखात्यात जमा झालेत, परत मिळणं अवघड आहे. या वेळी पेनाचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, ठीक आहे, मग एवढं लेखी द्या की या कर्जाचं माझ्यावर काही देणं नाही. मी हो म्हटलं.

वाक्य माझं होतं हे मी तिला सांगितलं नाही. रेकॉर्डिंग चालू होतं म्हणून, असं मी स्वतःला सांगते.

उत्तराच्या मसुद्यात मी तिच्यावर काही देणं नसल्याची ओळ घातली. सरांनी काढली, "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढंच ठेवलं, म्हणाले फोनवर सांगितलंस ना, लेखी दिलं की उद्या प्रत्येक जण मागेल. मी परत घातली. परत काढली. तिसऱ्यांदा घालून मी बँकेच्या तक्रार अधिकाऱ्यालाही कॉपीत ठेवलं, तेव्हापासून सर माझ्याशी बोलत नाहीत आणि मसुदा अडकलाय. ट्रेनिंगच्या फाईलमधून ते वाक्य मी काढून टाकलंय, पण मुलींच्या तोंडात बसलंय ते, कालच शेजारच्या रांगेतून ऐकू आलं.

काल संध्याकाळी तिचा मेल आला, वहीचं बारावं पान. निळ्या पेनाने, वेळ 12.15, माझं नाव. "रेकॉर्डिंग चालू आहे हे आधी सांगितलं. नीट बोलली. रेफरन्सवर देणं नसतं म्हणाली. लेखी देते म्हणाली." आणि त्याखाली परवाची तारीख टाकून, "लेखी आलेलं नाही."