पोर्ट ऑफ स्पेनचा कार्निव्हल: पिंपांतून घडलेला उत्सव

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाचा कार्निव्हल म्हटले की पिसांचे मुकुट घालून नाचणाऱ्या तरुणींची छायाचित्रे डोळ्यांसमोर येतात. राखेच्या बुधवारच्या (ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीचे सोमवार आणि मंगळवार हे त्याचे मुख्य दिवस असले, तरी प्रवाशाने निदान आठवडाभर आधी राजधानी पोर्ट ऑफ स्पेन गाठावे असे माझे ठाम मत आहे, कारण या उत्सवाचा प्राण रस्त्यावर येण्याआधी पॅनयार्डांत ऐकू येतो.

पॅनयार्ड म्हणजे स्टीलपॅन, अर्थात पोलादी पिंपांपासून घडवलेले वाद्य, वाजवणाऱ्या पथकाचे तालमीचे आवार. मी गेलो त्या रात्री वुडब्रुकमधील अशाच एका आवारात शंभराच्या आसपास वादक चाकांच्या लोखंडी सांगाड्यांमध्ये उभे राहून एकाच रचनेतला एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होते. त्यांच्यात शाळकरी मुली होत्या, बँकेतून थेट आलेले कारकून होते आणि पांढऱ्या केसांचे आजोबाही होते. समोर स्वरलिपीचा कागद बहुतेकांच्या नव्हताच. रचनाकार एक ओळ वाजवून दाखवी, ती हातात बसली की पुढची. उंच स्वरांसाठी एकेकच पॅन, तर खर्जासाठी एकाच वादकाभोवती पूर्ण उंचीची अनेक पिंपे, आणि मधोमध मोटारींचे जुने ब्रेक ड्रम सळईने बडवून ठेका धरणारी मंडळी, ज्यांच्या जागेला तिथे ‘इंजिन रूम’ म्हणतात. शंभर पॅन एकदम सुरू झाले की आवाज कानांपेक्षा छातीला आधी कळतो. ढोल-ताशांच्या पथकाजवळ उभे राहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

हे वाद्य मुळात बंदीमुळे जन्माला आले. 1783 नंतर स्पेनच्या राजवटीने फ्रेंच मळेवाल्यांना या बेटावर जमिनी दिल्या, आणि त्यांच्याबरोबर मुखवट्यांच्या मेजवान्या आल्या. गुलामगिरीतून 1838 मध्ये पूर्ण मुक्त झालेल्या आफ्रिकी लोकांनी मशाली, काठ्यांचे खेळ आणि ढोल घेऊन हा सण रस्त्यावर आणला, तेव्हा तो राज्यकर्त्यांना डाचू लागला. 1881 मध्ये कॅप्टन बेकरच्या पोलिसांनी कॅनबुलेची, म्हणजे कार्निव्हलमधली मशालींची, मिरवणूक मोडू पाहिली आणि लोकांनी काठ्यांनी त्यांचा मुकाबला केला. 1884 च्या कायद्याने रस्त्यावरच्या ढोलांवर निर्बंध आले, म्हणून लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला; पुढे 1930 च्या दशकात बिस्किटांचे डबे आणि कचऱ्याची पिंपे आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाची रिकामी पिंपे. पिंपाचा तळ घणाने खोल करून त्यावर एकेक स्वर ठोकून काढण्याची ही कला विन्स्टन सायमन, एली मॅनेट यांच्यासारख्या कारागिरांनी विकसित केली. 1951 मध्ये त्रिनिदादचे स्टीलपॅन पथक लंडनमध्ये वाजवून आले आणि 1992 मध्ये, ज्या वाद्याच्या वादकांना एकेकाळी गुंड समजत, तेच राष्ट्रीय वाद्य ठरले.

कॅनबुलेच्या त्या झटापटीचे नाट्य आजही कार्निव्हलच्या शुक्रवारी पहाटे पिकॅडिली ग्रीन्सवर सादर होते. अंधारात काठ्या आदळण्याचा आवाज ऐकल्यावरच सोमवारच्या पहाटेचा जूव्हे, म्हणजे रस्त्यावरच्या कार्निव्हलचा प्रारंभ, मला नीट समजला. चारच्या सुमारास हजारो माणसे जुने कपडे घालून, अंगाला चिखल, रंग किंवा कोको फासून रस्त्यावर उतरतात. कोणी सैतान होऊन शिंगे लावतो, कोणी पुढाऱ्यांची टर उडवणारा फलक गळ्यात अडकवतो. मालक कोण, मजूर कोण हे त्या चिखलाखाली ओळखू येत नाही. एका आजीबाईंनी ‘स्वच्छ माणूस इथे शोभत नाही’ असे बजावून माझ्या गालांवर मूठभर चिखल थापला. उजाडल्यावर अंगावरचा चिखल वाळून तडकू लागला, तशी भूक लागली आणि मी डबल्सच्या गाडीपुढे उभा राहिलो: हळदीच्या दोन मऊ ‘बरा’ नावाच्या तळलेल्या पुऱ्यांमध्ये छोले, चिंचेची चटणी आणि जाळ काढणारी मिरची.

हे छोले इथे आले 1845 पासून, ‘फतेल रझाक’ या जहाजाने सुरू झालेल्या करारबद्ध मजुरांच्या वाटेने. 1917 पर्यंत सुमारे 1,44,000 भारतीय, बहुतेक गंगेच्या खोऱ्यातले, या बेटावर उतरले आणि त्यांचा ठेका कार्निव्हलमध्येही शिरला. लॉर्ड शॉर्टी या गायकाने 1970 च्या दशकात कॅलिप्सोत, म्हणजे त्रिनिदादच्या पारंपरिक गाण्यात, ढोलक मिसळून सोका हा नवा गानप्रकार घडवला. मी मुंबईचा आहे हे कळताच डबल्सवाल्याने गावसकरांचा विषय काढला. 1971 मध्ये त्यांचे कसोटी पदार्पण इथल्याच क्वीन्स पार्क ओव्हलवर झाले होते आणि त्या मालिकेतील 774 धावांनी भारावून लॉर्ड रिलेटर या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचला. गावात घडलेली गोष्ट गाण्यात न येणे इथे जवळजवळ अशक्यच.

मंगळवारच्या ‘प्रिटी मास’ने, म्हणजे नटलेल्या नर्तक-पथकांच्या मिरवणुकीने, मात्र माझी थोडी निराशा केली. मणी-पिसांचे पोशाख देखणे असतात, पण हे पथक कुठले आणि ते कुठले, हे रंगापलीकडे सांगता येत नाही. शिवाय भरपूर पैसे मोजून पोशाख घेतलेले नर्तक दोरखंडाच्या आत आणि बाकीचे शहर बाहेर, असा पहारा ठेवलेला असतो. पीटर मिन्शॉलसारख्या कलावंताने, ज्याचे काम 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकच्या उद्घाटनातही दिसले, याच मिरवणुकीला फिरते नाट्य बनवले होते, हे ठाऊक असल्यावर ही एकसुरी चमक अधिकच खटकते. तरीही दोराबाहेर नाचणाऱ्यांमध्ये मी संध्याकाळपर्यंत राहिलो, कारण तिथली सोबत आतल्यापेक्षा बरी होती.

बुधवारी कपाळावर राख लावून लोक चर्चमधून बाहेर पडतात आणि अनेकजण मराकासच्या किनाऱ्याकडे वळतात. तिथे तळलेल्या पावात मासा आणि चटण्या भरून घेण्याच्या रांगेत माझ्या पुढचे दोघे भांडत होते: शनिवारच्या पॅनोरामा या स्टीलपॅन पथकांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एका पथकावर अन्याय केला की नाही. पाव हातात पडला तरी त्यांचे संपेना. मागून तिसऱ्याने तोंड घातले आणि त्या पथकाची चाल तो काउंटरवर बोटांनी वाजवून दाखवू लागला.