पहिला घास

परवा दुपारी भुट्ट्याचा कीस केला. पुण्याची मावशी मक्याची कणसं म्हणते, म्हणू दे. इंदुरात ते भुट्टेच. भाजीवाल्यानं "एकदम कोवळे, भाभी" म्हणून दिलेले जरा जून निघाले. किसणीखाली दूध सुटेना तेव्हाच कळायला हवं होतं. पण तुपात मोहरी, हिंग, मिरची तडतडल्यावर माणूस मागे फिरत नाही. तासभर दूध घालत, ढवळत कढईपाशी उभी राहिले.

लेकीनं पहिला चमचा तोंडात घातला. "मस्त झालाय!"

मस्त म्हणायच्या आधी तिच्या नाकाजवळ एक बारीकशी सुरकुती येऊन गेली होती. पापणी लवावी एवढाच वेळ. तिला स्वतःला पत्ताही नसेल. मी बशी उचलली.

"अगं, मस्त म्हटलं ना मी!"

"हो, ऐकलं. पोहे टाकते."

पहिला घास घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, असं मी दरवेळी ठरवते. डार्विननंही ठरवलं होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात विषारी सापासमोर काचेला तोंड लावून उभा राहिला, कितीही झालं तरी मागे सरायचं नाही म्हणून. साप झेपावला आणि हा टुणकन मागे. मध्ये काच आहे हे पक्कं ठाऊक असून! १८७२ साली चेहऱ्यावरच्या भावांवर पुस्तक लिहिलं त्यात त्यानं हे स्वतःच सांगून टाकलंय. त्याचं ते झालं, मग माझी काय कथा.

ही खोड आईची. रामबागेतल्या घरी बाबांना आमटी वाढून झाली की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पळी घेऊन थांबायची. बाबा जेवणाला नावं ठेवत नसत. फक्त डावी भुवई जराशी वर जायची. ती खाली यायच्या आत मिठाची वाटी ताटाशी हजर.

"मी काही बोललो का?"

"बोलायला कशाला लागतं?"

आणि आजीची गुटी! आत्या बाळंतपणाला आली होती तेव्हाची. सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, प्रत्येकाचे मोजके वेढे. मग बाळ मांडीवर आडवं, चमचा ओठाशी. बाळानं अख्खा चेहरा मुठीसारखा आवळला. मी बाळाकडे न बघता बाकीच्यांकडे बघत होते. आजीचं तोंड वाकडं, आत्याचं वाकडं, दाराशी पातेलं घेऊन उभ्या दूधवाल्याचंसुद्धा वाकडं. गुटी एकाच्या पोटात गेलेली आणि कडू झालेले चौघं. मला हसू आलं म्हणून धपाटा मिळाला. आरशात पाहिलं असतं तर माझंही तोंड तसंच दिसलं असतं, याबद्दल आता शंका नाही.

स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी २००० साली याचाच माग काढला होता. लोकांना हसरे नि रागावलेले चेहरे दाखवले, पण फक्त ३० मिलिसेकंद, आणि लगेच त्यावर एक कोरा चेहरा. आधीचं काही दिसलं असं त्यांना जाणवलंच नाही. तरी गालाला आणि कपाळाला लावलेल्या तारा सांगत होत्या की हसऱ्याला हसण्याचा स्नायू हलला, रागीटाला आठीचा. दूधवाल्याच्या कपाळाला तारा लावायची तर गरजच नव्हती.

हे असं बिनबोभाट चालू असतं, म्हणून त्याची किंमत कळत नाही.

बाबांना कंपवात झाल्याला आता तीन वर्षं होतील. हाताच्या थरथरीची सगळे चौकशी करतात. चेहऱ्याचं आम्हाला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. तिथले स्नायूही मंदावतात, पापण्या कमी लवतात. आत सगळं जागच्या जागी असतं, डॉक्टर म्हणाले, बाहेर उमटत नाही. शेजारचे काका संध्याकाळी येऊन बसायचे, ते येईनासे झाले. "साहेब आजकाल नाराज दिसतात," असं कुणाकडे तरी म्हणाले म्हणे. आई अजून पळी घेऊन उंबऱ्यात थांबते. घास जातो. ती बघते. भुवई जिथल्या तिथे.

तो जून कीस टाकवेना. जीरावण भुरभुरून डब्यात भरला आणि संध्याकाळी रामबागेत नेला. आईनं वाटीत काढून दिला. बाबांनी पहिला चमचा हळूहळू तोंडापर्यंत नेला, थोडा सांडला. आम्ही दोघी बघत राहिलो. सवयीनं.

शेवटी आईनंच विचारलं, "कसा झालाय हो?"

बराच वेळ गेला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"जून आहे," बाबा बारीक आवाजात म्हणाले आणि वाटी पुढे केली.