आमची वाटचाल: छेचाळीस दात आणि ती एक बॅच

जुन्या मोटरसायकलींची स्प्रॉकेटं, म्हणजे चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं, करायला लागलो तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि दादा. दादा माझ्याहून वयानं मोठे आणि हातानंही. लेथ मशीन त्यांचं, दात सारख्या अंतरावर कापायचं डिव्हायडिंग हेड माझं, भांडवल म्हणाल तर एवढंच. पहिलं काम आलं ते ट्रायम्फ ६५०च्या मागच्या ड्रमचं. या गाडीत मागचं स्प्रॉकेट सुटं निघत नाही, ब्रेक ड्रमच्याच अंगावर दात कापलेले असतात. दात गेले की लोक ड्रमच बदलायला निघतात आणि मिळतो तो बहुधा आधीच झिजलेला. दादांनी जुने दात लेथवर उतरवले, ४६ दातांची नवी रिंग बसवली, बारीकशी डगमगही काट्यावर दाखवणारा डायल गेज लावून ड्रम हातानं फिरवला. काटा हलायचा थांबेपर्यंत त्यांनी गाडीवाल्या काकांना निरोप दिला नाही. ते काका आजही आमचे गिऱ्हाईक आहेत.

काकांची एक वही आहे. दर ५०० किलोमीटरला चेन धुऊन, सपाट फळीवर ताणून, २० लिंकांचं माप त्यात लिहायचं. ५/८ इंच पिचची, म्हणजे एका पिनेपासून दुसरीपर्यंत तेवढं अंतर असलेली, नवी चेन २० लिंकांत ३१७.५ मिलिमीटर भरते. ३२३च्या पुढे गेली की काका ती काढून टाकतात, कारण तिथं वाढ दोन टक्क्यांच्या जवळ पोचलेली असते. ‘चेन ताणली’ असं सगळेच म्हणतात, पण बाजूची पत्ती ताणत नाही. पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, एकमेकांवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यात केसभर जागा होते. म्हणून सांगतो, रोलरवर वरवर तेल ओतून काही साधत नाही. फिरून आल्यावर चेन गरम असते, तेव्हाच खालच्या पदराच्या आतल्या बाजूनं पत्त्यांच्या फटींत तेल सोडा. सांध्यांत रबरी सील नसलेल्या जुन्या चेनला दुसरं औषध नाही.

मधली वर्षं बरी गेली. मग ती बॅच आली.

दातांना पाणी द्यायला, म्हणजे तापवून कडक करायला, आम्ही माल बाहेरच्या भट्टीवर पाठवायचो. परत आल्यावर प्रत्येक स्प्रॉकेटच्या दातावर दादा नवी कानस फिरवायचे. पाणी नीट बसलं असेल तर कानस काचेवरून सरकावी तशी घसरते. दात मऊ राहिला असेल तर ती चावते आणि चकचकीत कीस पडतो. त्या वेळी ऑर्डरी तुंबल्या होत्या, दादा आजारी होते, आणि मी ६४ स्प्रॉकेटं तशीच डब्यांत भरली. कानस खिळ्यालाच टांगलेली राहिली.

बोभाटा व्हायच्या आत काका आले. वही उघडून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, “दोन हजार किलोमीटरात ३२१? माझी चेन अशी कधी जात नाही. चूक तुमच्या दातात आहे, बघ.” स्प्रॉकेट काढलं तर दात एका अंगानं खाऊन आकड्यासारखे झालेले. कानस लावली, कीस पडला. मी तो बोटावर घेऊन किती तरी वेळ उभा होतो.

भट्टीवाला म्हणाला, तुमचं लोखंडच खराब. आमच्याकडे त्याच सळीचे उरलेले तुकडे होते. दुसरीकडे पाणी देऊन पाहिलं, कानस घसरली. तरी त्यानं एक पैसा भरून दिला नाही. आम्ही सगळा माल परत मागवला. मऊ दात चेनचंही वाटोळं करतो, म्हणून प्रत्येकाला स्प्रॉकेटबरोबर नवी चेनही दिली. त्यासाठी दादांनी स्वतःची मोटरसायकल विकली. ते शब्दानंही मला बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

त्याच महिन्यांत या धंद्यातला एक जण आमच्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगत होता की यांचे दात मेणाचे. त्याचं स्प्रॉकेट मी मागवून पाहिलं. आमच्या फिक्स्चरमध्ये पकड बसावी म्हणून आम्ही मागच्या अंगाला एक बारीक खाच मारतो, गाडीला तिचा काडीचा उपयोग नाही. ती खाच त्याच्या मालावर होती, त्याच जागी, त्याच खोलीची. ते स्प्रॉकेट अजून माझ्या टेबलावर आहे.

आता भट्टी आमची आहे, आणि कानस लावल्याशिवाय डबा बंद होत नाही.

तुम्ही मागवणार असाल तर नुसते दात सांगू नका. ५/८ बाय १/४ आणि ५/८ बाय ३/८ या दोन चेनचा पिच एकच, पण रुंदी वेगळी. तेव्हा दाताची जाडी व्हर्निअरनं मोजा. ओ-रिंग (सांध्यांत रबरी कडी असलेली) चेन घालायची असेल तर ती पिनांवर जास्त रुंद असते, केसिंगला घासते का ते आधी बघा. पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट आणि चेन एकदमच बदला. चेनची टोकं जोडणाऱ्या लॉकची क्लिप बसवताना बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं. सैलपणा एकाच जागी पाहू नका, चाक फिरवत जिथं चेन सर्वांत घट्ट लागते तिथं मोजा. आणि जुनं स्प्रॉकेट फेकू नका, आमच्याकडे पाठवा. दात कसे खाल्लेत ते पाहिलं की चाकं एका रेषेत आहेत की नाहीत तेही कळतं.