स्पार्टाची खानावळ, अथेन्सची सोडत

"अथेन्स म्हणजे लोकशाही, स्पार्टा म्हणजे लष्करशाही." सोलापुरातल्या अभ्यासिकांमध्ये ग्रीसचा धडा बहुधा या एका ओळीवर आटोपतो. ओळ खोटी नाही. पण इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सला शरण आणणारा स्पार्टा ३७१ मध्ये, म्हणजे ३३ वर्षांत, एका लढाईने कायमचा का खचला, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी नागरिकाचं नाव यादीवर कसं चढायचं आणि कसं उतरायचं, ते पाहावं लागतं. पुढची सगळी सालं इ.स.पू.ची आहेत.

आपल्या महापालिकेत प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते, तेव्हा चिठ्ठीवर ठरतं ते आरक्षण. अथेन्समध्ये चिठ्ठीवर माणूसच ठरायचा. ५०८ मध्ये क्लेइस्थेनिस या सुधारकाने १३९ गाव-वस्त्यांची दहा टोळ्यांत नव्याने वाटणी केली. प्रत्येक टोळीत एक तुकडा शहराचा, एक किनाऱ्याचा, एक आतल्या मुलखाचा. बड्या घराण्यांचं आपापल्या भागातलं वजन त्यामुळे तीन ठिकाणी फुटलं. प्रत्येक टोळीतून ५० असे ५०० जण वर्षभरासाठी शहराचा कारभार पाहणाऱ्या सभेवर जायचे, तेही सोडतीने. वय तिशीच्या पुढे, आणि जन्मात फार तर दोनदा. त्यांच्यातला एक जण रोज अध्यक्ष व्हायचा; शहराची मोहोर आणि खजिन्याच्या किल्ल्या एक दिवस त्याच्याकडे. हा मान जन्मात एकदाच.

न्यायालयाची सोडत याहून कडक. दरवर्षी ६,००० पंच नोंदवले जायचे. चौथ्या शतकात प्रत्येकाजवळ आपल्या नावाची पट्टी असे. सकाळी पट्ट्या गोळा करून उभ्या दगडी फळीच्या खाचांत बसवायच्या. एका फळीवर खाचांचे पाच रकाने. बाजूच्या नळीतून काळे-पांढरे ठोकळे एकेक करून खाली यायचे. पांढरा आला की त्या आडव्या ओळीतले पाचही जण निवडले, काळा आला की पाचही घरी. निवडलेल्यांनी कोणत्या न्यायालयात बसायचं, याची पुन्हा वेगळी चिठ्ठी. कोणत्या खटल्याला कोण बसणार हे त्या सकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नाही, मग पैसे चारायचे कुणाला? ही सावधगिरी उगाच नव्हती. पायलॉसची मोहीम फसल्यावर तिचा सेनापती अनायटस याने पंचांना लाच देऊन सुटका करून घेतली, आणि असं करणारा तो पहिलाच, अशी नोंद आहे. हाच अनायटस ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला भरणाऱ्या तिघांत होता.

पंचांना अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज याने दिवसाला दोन ओबोल भत्ता सुरू केला. त्याच्यानंतरचा पुढारी क्लेऑन याने तो तीनवर नेला. त्या काळी कुशल कारागिराची दिवसाची मजुरी सहा ओबोल, म्हणजे एक द्राख्मा. अर्धी मजुरी म्हणजे फार नाही, पण म्हातारा किंवा रिकामा हात त्यावर कचेरीत बसू शकतो. भत्ता नसता तर सोडत श्रीमंतांपुरतीच उरली असती. सेनापती मात्र चिठ्ठीने नाहीत. ते दहा जण मतांनी निवडायचे आणि पुन्हा पुन्हा निवडता यायचे. पेरिक्लीज ओळीने १५ वर्षं निवडून आला.

या यादीचं दार अथेन्सनेही आवळलंच. ४५१ च्या पेरिक्लीजच्या कायद्याने आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्याला वर्षाला १२ द्राख्मा कर, सैन्यात चाकरी, पण मत नाही, जमीन नाही. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगु बोलणाऱ्या विणकरांच्या पिढ्या नांदल्या, निवडून आल्या. अथेन्समध्ये त्यांची पतवंडंही परकीच राहिली असती. भाषणं लिहून देणारा लिसियास असाच परका; त्याच्या घराण्याचा ढाली बनवण्याचा मोठा कारखाना होता, १२० गुलाम होते. ४०४ मध्ये, शरणागतीनंतर स्पार्टाच्या पाठिंब्यावर आलेल्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांनी सगळं लुटलं, भावाला मारलं. ॲरिस्टॉटलही इथे परकाच. बायका आणि गुलाम यांचा तर प्रश्नच नव्हता.

पेरिक्लीजवर त्याचा कायदा उलटला. प्लेगात औरस मुलं गेली, आणि मिलेटसच्या अस्पाशियापासून झालेल्या मुलाला नागरिक करून घेण्यासाठी त्याला लोकांकडून खास सवलत मागावी लागली. तो मुलगा पुढे सेनापती झाला. ४०६ मध्ये आर्गिनुसीची आरमारी लढाई जिंकली, पण वादळामुळे बुडणारे खलाशी वाचवता आले नाहीत. चिडलेल्या नागरिकांच्या आमसभेने कायदा गुंडाळून सेनापतींचा एकत्रच निकाल लावला, सहा जणांना मारलं. त्यांत हा मुलगा होता. एवढा बंदोबस्त केलेल्या शहरातही जमावाला एका दिवसात आवरता आलं नाही.

आता स्पार्टा. वरून पाहिलं तर रचना भक्कम. दोन घराण्यांचे दोन राजे, एकमेकांवर नजर ठेवणारे. साठीच्या पुढचे २८ वृद्ध आणि दोन राजे मिळून ३० जणांचं मंडळ, तहहयात. त्यांच्यावर दरवर्षी निवडलेले पाच एफोर; ते राजालाही जाब विचारत. वृद्धांची निवड आरोळ्यांवर. उमेदवार एकेक करून समोरून जाणार, शेजारच्या बंद खोलीतले लोक कुणाच्या वेळी गलका जास्त झाला ते लिहिणार. ॲरिस्टॉटल याला पोरखेळ म्हणतो, आणि मला ते पटतं.

खरी ग्यानबाची मेख खानावळीत होती. सातव्या वर्षापासून प्रशिक्षण झालं तरी नागरिकत्व पक्कं होई ते सामाईक पंगतीत जागा मिळाल्यावर. पंगत साधारण पंधरा जणांची. नव्या माणसाला घ्यायचं की नाही, हे पाव मळून केलेल्या गोळ्यांनी ठरे: होकार असेल तर गोळा तसाच भांड्यात टाकायचा, नकार असेल तर चेपून. एक जरी चेपलेला निघाला तरी प्रवेश नाही. प्लुटार्कने दिलेला दरमहा शिधा असा: एक मेडिम्नोस जवाचं पीठ, म्हणजे अथेन्सच्या मापाने सुमारे ५२ लिटर, आठ खोएस दारू, साधारण २६ लिटर, दोन किलोच्या आसपास चीज, किलोभर अंजीर, वर तोंडीलावण्यासाठी थोडे पैसे. हे सगळं हेलट, म्हणजे स्पार्टाने जिंकून जमिनीला जखडलेले लोक, राबत असलेल्या स्वतःच्या जमिनीतून यायचं. शिधा चुकला की नागरिकत्व गेलं. शौर्य, वय, जखमा काही मध्ये येत नाही.

जमीन मात्र वारसा आणि हुंडा यांतून मोजक्या घरांत गोळा होत गेली. ॲरिस्टॉटलच्या काळी पाचातले दोन हिस्से जमीन बायकांच्या नावावर होती. शिधा तोच, वाटा लहान, त्यामुळे दर पिढीला काही नावं गळत गेली. ४६० च्या दशकात मोठा भूकंप झाला, मागोमाग हेलटांचं बंड. आणि एकदा उतरलेलं नाव परत चढवायची सोयच नाही.

हिरोडोटस ४८० मध्ये स्पार्टात सुमारे ८,००० पुरुष असल्याचं सांगतो. ४२५ मध्ये स्फाक्टेरिया बेटावर अथेन्सने २९२ जण कैद केले. त्यांतले अस्सल स्पार्टन, म्हणजे पूर्ण नागरिक, जेमतेम १२०, पण तेवढ्यांसाठी हे राज्य तहाला तयार झालं. ३७१ मध्ये थीब्जविरुद्ध ल्युक्ट्राच्या लढाईत असे ७०० उतरले, ४०० मेले. दोन वर्षांत थीब्जच्या एपामिनोंडासने मेसेनिया हा हेलटांचा मुलूख मोकळा केला. हेलट गेले, जमीन गेली, शिध्याची आणखी ताटं रिकामी झाली.

तिसऱ्या शतकात राजा चौथा एजिस सत्तेवर आला तेव्हा, प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे, अस्सल स्पार्टन ७०० सुद्धा उरले नव्हते आणि जमीन शंभरेकांकडे होती. कर्जं माफ करून ४,५०० वाटे पाडायचे, असा त्याचा बेत. पण त्याचा मामा एजेसिलाउस कर्जात बुडालेला आणि जमिनीने गब्बर होता. आधी कर्जाचे कागद जाळू, जमीन नंतर, असा सल्ला त्याने दिला. कागद चौकात जाळले गेले, वाटणी लांबत राहिली, आणि २४१ मध्ये विरोधकांनी एजिसला गळा आवळून मारलं.