वाड्यासमोरची टूरर: वर्षाचा घोळ चाकाने सोडवला

वाड्यासमोर काढलेल्या जुन्या फोटोतली टूरर, म्हणजे दुमडत्या छताची उघडी गाडी, फोर्ड मॉडेल ए आहे हे मागच्या नोंदीतच ठरलं होतं. काचेच्या पुढे, काउलवर (बॉनेट आणि काच यांच्यामधल्या पत्र्यावर) मधोमध पेट्रोलचं झाकण दिसतं. त्या काळच्या शेव्हरोलेची टाकी मागे असायची. अडलं होतं ते वर्षावर: १९२८-२९ की १९३०-३१? १९३० पासून रेडिएटरचं कवच उंच आणि स्टेनलेस स्टीलचं झालं, पण आपल्या फोटोत नेमके दोघे जण रेडिएटरसमोर उभे आहेत. म्हणून भिस्त चाकांवर.

आधीच्या दोन वर्षांना ४.५०-२१ टायर (जाडी ४.५० इंच, रिम २१ इंच), बाहेरचा व्यास साधारण ३० इंच. नंतर ४.७५-१९, व्यास २८.५ इंच. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, दोन्हींचा १०३.५ इंच. त्याला चाकाच्या व्यासाने भागलं की ३.४५ किंवा ३.६३. गाडी तिरकी असली तरी फारसं बिघडत नाही, कारण व्हीलबेस आणि चाकाची आडवी रुंदी जवळपास सारखीच आकसतात. भागायचं मात्र रुंदीनेच, चाकाच्या उंचीने नाही.

घोडं पेंड खाल्लं ते पुढच्या चाकांपाशी. ती वळवलेली आहेत, त्यामुळे त्यांचा कोन गाडीच्या कोनाशी जुळत नाही आणि रुंदी बाद. मागच्या चाकाचा वरचा भाग मडगार्डखाली, पुढची कड फूटबोर्डवर बसलेल्या मुलाच्या पायामागे. उरलेल्या कमानीवर लंबवर्तुळ बसवलं की भागाकार ३.४ पासून ३.७ पर्यंत हवा तिथे नेता येतो. असल्या आकड्यावर वर्ष सांगू नये.

मग व्हीलबेसचा नादच सोडला. एकाच चाकाचा रिम भागिले टायर घ्यायचा: २१ इंचीला ०.७०, १९ इंचीला ०.६७. चाक कसंही वळलेलं असो, एका रेषेवरची दोन्ही मापं सारखीच आकसतात! मोजायचं हबच्या मध्यापासून आडवं. खालच्या बाजूला टायर दबलेला असतो, वर मडगार्डची सावली. आणि ज्या बाजूला ट्रेड (टायरचा रस्त्याला टेकणारा पृष्ठभाग) दिसत नाही तीच बाजू घ्यायची. ट्रेडकडून टायर जाड भासतो आणि २१ इंची चाक १९ इंची निघतं. रिमची कड नाममात्र मापाच्या बाहेर येते, म्हणून आकडे थोडे वर सरकतात. वर्ष पक्कं माहीत असलेल्या गाड्यांचे फोटो याच रीतीने मोजले तर ०.७४ आणि ०.७१ येतात. आपल्या फोटोत टायर २१४ पिक्सेल, रिम १५८. म्हणजे ०.७४. एकवीस इंची!

स्कॅन मूळ प्रिंटचाच हवा, १२०० डीपीआय, १६ बिट ग्रेस्केल, टिफ. फोनने काढलेल्या फोटोत कडेच्या रेषा वाकतात. फोटो ‘सुधारणारी’ एआय ॲप्स तर या कामात लांबच ठेवा: रिमची कड ती स्वतःच्या मनाने आखतात, आणि आपण मोजतो ती नेमकी तीच कड.

चाकं बदललेली असली तर? १९ इंची चाकं जुन्या मॉडेल ए-ला सरळ बसतात, पाच बोल्टचा घेर तोच. त्यामुळे १९ सापडले असते तर काहीच सिद्ध झालं नसतं. २१ सापडणं जास्त मोलाचं. शिवाय १९३०-३१ च्या गाडीला बॉनेट आणि काउलच्या सांध्यावर चकाकती पट्टी असते. इथे तो सांधा साधा, रंगवलेला आहे. दोन्ही साक्षी जुळतात, तेव्हा १९२८-२९ वर शिक्कामोर्तब.

आता २८ की २९? सुरुवातीच्या गाड्यांचं स्टिअरिंग लाल होतं, त्यावर पुढची तपासणी योजली होती. पण फोटोतल्या बाईंचे ओठ आणि कुंकू काळेभोर, आकाश पांढरंफटक. म्हणजे फिल्म बहुधा ऑर्थोक्रोमॅटिक, जिच्यात लाल रंग काळाच उमटतो. तो मार्ग बंद.

त्यापेक्षा प्रिंटच्या उजव्या कोपऱ्यातला स्टुडिओचा उठावाचा शिक्का धरावा. सपाट स्कॅनमध्ये तो पुसट येतो. टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा, कॅमेरा स्टँडवर अगदी सरळ वरून, आणि चारही बाजूंनी वेगळा शॉट. पत्ता वाचता आला तर स्टुडिओ त्या जागी केव्हा होता हे जुन्या डिरेक्टऱ्यांत शोधता येईल. नंबरप्लेटचा दिसणारा अर्धा भाग त्यानंतर.